डावीकडे वळणारी कंडक्टर

खोली पाहाले गेलं की माणूस काय विचारते? नळाले पाणी कधी येते, संडास घरात हाय का बाहेर, मालक बरा हाय का खडूस. मी विचारत होती, जवळपास एखादी मोठी विहीर हाय का? लोकं माह्याकडे असे पाहात की बाई जीव द्याले आली का काय!

मी महामाया. मेहकर डेपोले कंडक्टर. माहेर संग्रामपूरचं, तठी माही माय कलाबाई राह्यते. माय म्हणते, "तुह्या गाडीले ब्रेक असन, तुह्या तोंडाले नाही." खरं हाय. पण रोज दोन-चारशे लोकांसोबत डोकं लावायचं तर तोंड लागतेच ना? गोड बोलली तर लोकं दरवाज्यात लोंबकळतात, वर मलेच म्हणतात, बाई, जरा सरका.

हे विहिरीचं खूळ कसं लागलं ते सांगते. दोन वर्षांमागं माह्या गाडीत दोन जण चढले, नवरा-बायको. दोघांच्याही दंडावर शाईनं नंबर लिहिलेले. मले राह्यवलं नाही. तिकीट फाडता फाडता विचारलं, "हे काय हो? कुठून सुटून आले?" ती बाई हसली. म्हणे, ट्रायथलॉन करून आलो. आधी पोहायचं, ओल्या अंगानंच सायकलवर बसायचं, अन् सायकल टाकली की पळायचं. मधी थांबा नाही. मी म्हटलं, "तिन्ही एका दमात? काऊन पण?" ती म्हणे, "पाह्यलं की जमते का, म्हणून."

तेच डोक्यात बसलं. पाह्यलं की जमते का! सायकल मी शाळेपासून चालवते. पळायचं तर गाडीमागं पळणाऱ्यायले रोज पाहते. अन् पोहणं मले लहानपणीच बापानं विहिरीत शिकवलं, पाठीले रिकामा डबा बांधून. मंग अडलं कुठी?

गेल्या वर्षी अडलं ते पाण्यातच. सगळ्यात लहान प्रकारात नाव दिलं होतं. साडेसातशे मीटर पोहायचं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळायचं. पाण्यातून ठरलेल्या वेळेत बाहेर नाही आलं तर सायकलले हात लावू देत नाहीत. मी हातपाय मारून राह्यली, मारून राह्यली, अन् वेळ संपली. होडीवाल्यानं मले पोत्यासारखं वर ओढलं अन् म्हणे, "ताई, तुम्ही चालल्या कुठी होत्या?" मले वाटलं टोमणा मारून राह्यला. मी त्याले होडीतच असं झाडलं की बिचारा काठापर्यंत बोलला नाही. काठावर माही सायकल एकटीच उभी होती. तिले पाहून मले रडू आलं, सांगायले लाज कायची?

म्हणून यंदा ठरवलं, सराव रोज झाला पाहिजे, अन् त्यासाठी राहायची जागाच बदलायची. पाणी पाहिजे, एक चढाचा रस्ता पाहिजे, अन् डेपो जवळ पाहिजे, काऊन की पहिल्या गाडीची ड्युटी असली की अंधारातच हजर व्हा लागते. अशी जागा शोधायले कंडक्टरपेक्षा चांगलं काम नाही. सगळा तालुका खिडकीतून फुकटात दिसते. कुठी विहीर हाय, कुठी चढ हाय, कुठी कुत्रे सायकलच्या मागं लागतात, मी फेऱ्या मारता मारता पाहून ठेवत होती.

अन् गाडीतले लोक! त्यायले खबर लागली मात्र, सगळी गाडी माही खोली शोधाले लागली. डोणगावचे शेषराव मास्तर, रिटायर झाले तरी रोज चहा प्याले मेहकरले येतात, ते पुढच्या सीटवरून म्हणाले, "पोहायचं, मंग सायकल, मंग पळायचं. काऊन व पोरी, पोलिस लागले का मागं?"

"तिकीट घ्या सर, नाहीतर तुमच्या मागं लागतील," मी म्हटलं.

मास्तर म्हणाले डोणगावले राह्य, रस्ता सपाट हाय. मी म्हटलं सपाट नको, चढ पाहिजे. त्यायनं कपाळावर हात मारला. मागून कोणी म्हणे हिवरा आश्रमले राह्य, बाजूलेच धरण हाय, पोह्य जेवढं पोहायचं तेवढं. ते मलेही पटत होतं, पण तठून डेपो लांब, अन् पहाटे सायकलनं निघा तर रस्त्यात रोही, म्हणजे नीलगाई, आडवे येतात. रोही अंगावर आला की ट्रायथलॉनही गेलं अन् नोकरीही. एक आजी म्हणाल्या, "बाई, नवऱ्याच्या घरी राह्य." मी म्हटलं, "आजी, नवरा अजून मिळाला नाही, आधी विहीर मिळू द्या."

मेहकरात खोल्या पाह्यल्या. एका ठिकाणी मागंच बारव होती, माहा जीव तिच्यावरच बसला. मालक म्हणाला पूर्ण नाव सांगा. सांगतलं. त्याचा चेहरा जरासा लांब झाला. "असं का. बरं बरं. पण खोली तर भाच्याले द्यायची हाय." मी म्हटलं, "तुमचा भाचा लय भाग्यवान हाय हो. मले नाही म्हटलेली ही तिसरी खोली त्यालेच चालली." अन् भिंतीवरच्या तथागताच्या फोटोसाठी आणलेला खिळा पिशवीत तसाच घेऊन बाहेर आली. राग असा आला होता की घरापर्यंत सायकल वर न बसताच ढकलत नेली.

मंग भेटली नजमुन्निसा खाला. डोणगाव रस्त्याले, मेहकर संपते तठी तिचं शेतातलं घर. सत्तरीची बाई, एकटी. दोन खोल्या तिच्या, एक भाड्याची. अन् घरामागं विहीर! मोटेच्या काळातली, दगडानं बांधलेली, भल्ली रुंद, पाण्यापर्यंत पायऱ्या. पावसाळा नुकताच सरला होता, पाणी पार वर आलं होतं. मी काठावर उभी राह्यली अन् पाहातच राह्यली.

खालानं नाव विचारलंच नाही. तिनं विचारलं, "तैरना आता?"

"हाव."

"अच्छी बात. माह्या विहिरीत आजपर्यंत कोणी बुडालं नाही. तू पहिली नको होऊ."

नाव तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं, चहा देता देता. मी महामाया सांगतलं तर म्हणे, "इतना बडा नाम? मी माया म्हणन." झालं, खोली ठरली.

तिचा पोरगा अजहर पुण्याले नोकरीले हाय. मी सामान टाकलं त्या दिवशी तो आलेला होता. भला माणूस, पण सारखा मायची काळजी. अंगणात मले बाजूले घेऊन म्हणाला, "ताई, सरळ सांगतो. अम्मीचे गुडघे गेले. घरातून अंगणात येते तर भिंत धरून येते. रात्री-बेरात्री पडली तर? तुम्ही हायेत म्हणून मी तिले इथी ठेवून राह्यलो. ज्या दिवशी तुम्ही खोली सोडाल त्या दिवशी मी तिले पुण्याले नेईन."

हे खालाले ऐकू गेलं होतं. तो गेल्यावर ती म्हणाली, "सातव्या मजल्यावर हाय त्याचं घर. पोरगा जाईल कामाले, सून जाईल कामाले. मी काय करू तठी? लिफ्टमंधी चढू न् उतरू? इथी मेरी बकरी है, मेरा पपई है. मले इथंच मरायचं हाय बेटा, अन् तेही एवढ्यात नाही." मी हसली. मंग मले जाणवलं की खोली मी घेतली, पण या बाईचं घर माह्या भरवशावर उभं हाय.

आमचा नेम बसला. डेपो सायकलनं दहा मिनिटांवर, म्हणजे ड्युटीचं टेन्शनच गेलं. सकाळची ड्युटी असली की दुपारी पोहायचं, दुपारची असली की सकाळी. खालाची एकच अट, एकटीनं उतरायचं नाही. ती काठावर खुर्ची टाकून बसे, हातात बादलीचा दोर, म्हणजे मी बुडाली तर फेकता यावा. पहिल्या दिवशी माहा पोहायचा ड्रेस पाहून तिनं डोळे मोठे केले. "अय, हे अंगावरच शिवलं का तुह्या? काढते कशी?" मी काढायची युक्ती सांगतली तर इतकी हसली की दोर विहिरीत पडला. अन् मलेच तो काढा लागला.

मी पायऱ्यावरून उतरायची, भिंतीले पाय मारायची अन् गोल गोल फिरायची. दम वाढत गेला. आधी दोन चकरात जीभ बाहेर येत होती, दिवाळीपर्यंत मी चकरा मोजणंच सोडून दिलं. खाला वरून विचारत राहे, "पानी में दिखता क्या? मासा चावत नाही का? तोंड आत घातल्यावर तू काय विचार करते?" मले कोणी असं कधी विचारलंच नव्हतं. मी म्हणायची, कायचाच नाही करत. ती म्हणे, "वही तो. मलेही यायचं होतं पाण्यात. आमच्या वेळी पोट्ट्यायले शिकवत, पोट्ट्या काठावर कपडे सांभाळत."

स्पर्धा जानेवारीच्या शेवटी होती, वाशीमकडच्या एका धरणावर. डिसेंबरात एका सुट्टीच्या दिवशी म्हटलं, चला, उघड्या पाण्यात पाहू. हिवरा आश्रमच्या धरणावर गेली. सोबतीले शेषराव मास्तर, त्यायले काय होते ते पाहायचं होतं, अन् एक ओळखीचा कोळी होडी घेऊन मागं. समोरच्या काठावर एक वाळलेलं झाड होतं. ठरवलं, त्या झाडाले शिवायचं अन् परत.

उतरली. पाणी गार, पण अंगात दम होता. हात असे चालले की काय सांगू! मनात म्हटलं, यंदा होडीवाल्याले तोंड दाखवते. बऱ्याच वेळानं पायाले चिखल लागला. पोचली! डोकं वर काढून पाह्यते तर समोर शेषराव मास्तर, हातात माहीच चप्पल.

"आली का जाऊन?" मास्तर म्हणाले.

मी ज्या काठावरून निघाली होती त्याच काठावर येऊन लागली होती, जरा डावीकडे. कोळी होडीत पोट धरून हसत होता. म्हणे, "बाई, तुम्ही पाण्यात पूर्ण मोठा भोपळा काढला." मी पुन्हा उतरली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा उतरली तर झाड कुठी अन् मी कुठी. मंग एकदम गेल्या वर्षीचा होडीवाला आठवला. ताई, तुम्ही चालल्या कुठी होत्या? त्या बिचाऱ्यानं टोमणा मारलाच नव्हता! त्याले खरंच समजत नव्हतं.

आता हे काय नवीन? राग तर आलाच, पण रागापेक्षा जास्त मले समजून घ्यायचं होतं. काऊन वळते मी? दुसऱ्या दिवशी गाडीत हाच विषय. मास्तरांनं सगळ्यायले आधीच सांगून ठेवलं होतं. एक म्हणे, बॅग डाव्या खांद्यावर असते तुमची, म्हणून अंग डावीकडे ओढते. पटलं. आठ दिवस बॅग उजव्या खांद्यावर घेतली. सगळे हिशेबाचे हात उलटे झाले, तिकिटाचं मशीन दोनदा पडलं, अन् धरणात मी तरीही डावीकडेच. दुसरा म्हणे, एक पाय आखूड असन. ड्रायव्हर साहेबांनी डेपोत मले भिंतीले उभं करून पाह्यलं, पाय बरोबर. आजी म्हणाल्या नजर लागली. मी म्हटलं, कोणाची लागन व आजी, मी पोहताना दिसतेच कोणाले?

घरी येऊन खालाले सांगतलं. तिनं आधी खात्री करून घेतली की हे खरंच असं होते, मंग म्हणाली, "डोळे बंद करून चाल बरं वावरात." मी चालली. डोळे उघडले तर डाव्या अंगाच्या बांधावर. खाला म्हणे, "आता मी." भिंत सोडली, डोळे मिटले अन् हळूहळू नाकासमोर पपईपर्यंत सरळ. वळून म्हणते कशी, "मैं तो सीधी औरत हूँ."

अन् मंग तीच म्हणाली, हसता हसता, "वैसे तू वळणारच. तीन महिने झाले तुले पाहून राह्यली. तू रोज अशीच फिरते." तिनं बोट हवेत गोल फिरवलं. उलट्या घड्याळासारखं. "तुले पाहून पाहून माहं डोकंही त्याच अंगानं फिराले लागलं."

मी विहिरीच्या काठावर जाऊन उभी राह्यली. पायऱ्या एका बाजूले, मोटरचा पाइप त्यायच्या शेजारी. पाइप लागू नये म्हणून मी रोज एकाच बाजूनं निघते, भिंत कायम उजव्या हाताले, वळण कायम डावीकडे, अन् श्वासही डावीकडूनच. संग्रामपूरची विहीरही अशीच होती. लहानपणापासून मी कधी सरळ पोहलीच नाही! मले वाटत होतं मी पोहून राह्यली, अन् मी फक्त वळून राह्यली होती. सापडलं म्हणून मले इतका आनंद झाला की मी खालाले मिठी मारली.

आनंद रात्रीच उतरला. विहिरीनं वळण लावलं तर विहिरीत ते सुटन कसं? सरळ पोहायचं तर लांब पाणी पाहिजे, अन् लांब पाणी हिवऱ्याले. स्पर्धेले महिना उरलेला. पुन्हा त्या होडीत पोत्यासारखं पडायचं? मी भडक डोक्याची बाई. दुसऱ्याच दिवशी हिवरा आश्रमले एक खोली पाह्यली अन् मालकाले सांगून आली, एक तारखेपासून येते. रोही आला तर आला.

घरी आली तर खाला तांदूळ निवडत बसली होती. मी सांगून टाकलं. घुमवून फिरवून मले बोलता येत नाही. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "जा बेटा. तुझा पानी उधर है." एवढंच. मंग थोड्या वेळानं आत जाऊन पोराले फोन लावला. मले ऐकू आलं, "हाव रे, ती जाणार हाय. तू ये. नाही, रडून नाही राह्यली. तांदूळ निवडून राह्यली."

मले वाटलं होतं ती रागावन. रागावली असती तर बरं झालं असतं, मलेही भांडता आलं असतं. ही बाई शांत बसून तांदूळ निवडते म्हणजे काय?

सकाळी मी उठली तर ती विहिरीवर खुर्ची टाकून तयार. हातात दोर. मी म्हटलं, "खाला, आज नाही पोहत मी. काय उपयोग?" ती म्हणे, "एक तारीख अजून आली नाही."

मले स्वतःचाच इतका राग आला! धाडधाड पायऱ्या उतरली अन् पाइपाले एक शिवी हासडून उलट्या बाजूनं अंग टाकलं. बाप्पा! जन्मात पोहली नसल्यासारखं झालं. श्वास घ्याले तोंड डावीकडे काढते तर समोर भिंत. उजवीकडे काढाले गेली तर नाकातोंडात पाणी. खांदा पाइपावर आपटला. वर खाला इतकी हसत होती की खुर्ची कुरकुरली. "दोर टाकू का?" मी खोकत खोकत पायरी धरली अन् मलेही हसू फुटलं. दोघी हसत राह्यलो. अन् हसता हसता ती डोळे पुसाले लागली अन् पुसतच राह्यली. म्हणाली, "मले नाही जायचं माया. मले नाही जायचं पुण्याले."

मी पाण्यातल्या पायरीवरच उभी होती. मी म्हटलं, "कोण नेते तुले? मी कुठी जाऊन राह्यली?"

बोलून गेली. पण एकदा बोलली की तिकीट फाटलं, परत घेता येत नाही. हिवऱ्याच्या मालकाले फोन करून नाही म्हटलं, त्यानं दोन शब्द ऐकवले, मी ऐकून घेतले. मी ऐकून घेतलं हे डेपोत कोणाले खरं वाटलं नाही.

मंग नवा नेम. रोज विहिरीत उलट्या चकरा, जोपर्यंत दोन्हीकडून श्वास घेता येत नाही तोपर्यंत. अन् सुट्टीच्या दिवशी धरण. पण धरणावर सरळ जायचं तर काहीतरी नजरेत पाहिजे, चार हात मारले की डोकं काढून त्याच्याकडे पाहायचं. वाळलेलं झाड काठाच्या रंगात मिसळून जाते, दिसत नाही. खाला म्हणाली, "मी उभी राह्यते ना." पेटीतून तिनं लग्नातली ओढणी काढली. पोपटी. अशी पोपटी की डोळे दुखतात. आम्ही माह्या नेहमीच्याच गाडीनं हिवऱ्याले गेलो. माही सुट्टी म्हणून कंडक्टर दुसरा होता, पण खालानं त्याले तिकीट मागू दिलं नाही, म्हणे मायाची घरमालकीण हाय. मी म्हटलं, अर्धं तर अर्धं, पण घ्या लागन, सगळी गाडी पाहून राह्यली.

कोळ्यानं तिले होडीत बसवून समोरच्या काठावर सोडलं. ती दगडावर उभी राह्यली. मी चार हात मारायची, डोकं काढायची, पोपटी ठिपका कुठी हाय ते पाहायची. कधी तो उजवीकडे गेलेला असे, म्हणजे मी वळली. सरळ करायची. पहिल्या दिवशी साप काढला, भोपळ्यापेक्षा बरा. पुढच्या सुट्टीले थोडा सरळ साप. ती काठावरून ओरडे, "दाएँ! दाएँ! अरी दाएँ!" मले पाण्यात काही घंटा ऐकू येत नव्हतं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, अजहर गाडी घेऊन आला, त्याले सुट्टी आताच मिळाली होती. मी त्याले सांगतलं, मी जात नाही, इथंच हाय. तो म्हणाला, "ताई, तुमच्यावर राग नाही. पण एकदा तुम्ही निघाल्याच होत्या ना? उद्या बदली झाली तर? तिचे गुडघे काही सुधारणार नाहीत. सोमवारी नेतो मी तिले." चुकीचं काय होतं त्याचं? खालानं फक्त एवढंच म्हटलं, "उद्या हिची दौड हाय. आधी मले तठी घेऊन चल. सोमवारचं सोमवारी."

रविवारी दंडावर माह्याही शाईचा नंबर. धुकं होतं, मंग एकदम ऊन वर आलं, थेट डोळ्यावर. नारिंगी फुगे पाण्यात टाकले होते, त्यायले वळसा घालून परत यायचं. भोंगा वाजला. पहिल्या फुग्यापर्यंत गर्दीसोबत गेली, दुसऱ्यापर्यंतही. परतीच्या बाजूले वळली अन् ऊन असं चमकलं की सगळं पाणी पांढरं. फुगा दिसेना. पुढचे लोक दिसेनात. डोकं काढलं, काही नाही. अन् मले अंगातून समजलं की मी वळून राह्यली. डावीकडे. तीच ओढ. रडू येऊन राह्यलं. पाण्यात रडता येत नाही हो, दम जातो.

पुन्हा डोकं काढलं. काठावर पोपटी ठिपका. पण लय उजवीकडे! मी सरळ केलं. चार हात. डोकं काढलं, ठिपका अजून उजवीकडे. म्हटलं, एवढी वळते मी? पुन्हा सरळ. पुन्हा पाह्यलं, अन् मंग समजलं. मी वळून नव्हती राह्यली. ठिपका चालत होता. खाला काठाकाठानं चालत होती, जिथून बाहेर पडायचं त्या कमानीकडे मले ओढत. दगडगोट्यातून, भिंत नाही, काठी नाही, ओढणी डोक्यावरून काढून दोन्ही हातानं हलवत. मागं अजहर, "अम्मी, अम्मी" करत, तिले धरू का नको असा.

मी त्या पोपटीच्या मागं लागली. फुगा पाह्यलाच नाही नंतर.

पायाले चिखल लागला तेव्हा कमान समोर होती. घड्याळवाला हात हलवून सांगत होता, पळा, पळा, वेळ हाय! शेवटून दुसरी निघाली मी, पण निघाली. माह्या पायांनी. खाला कमानीजवळ उभी, दम लागलेला, तोंड लालबुंद. मले वाटलं गळ्यात पडन. कायची पडते! ओरडली, "इथी काय पाहते? सायकल कुठाय तुही? जा ना!"

सायकल केली. रस्त्यातला चढही मले उतारासारखा वाटला. सायकल टाकून पळाले निघाली तर अजहर रस्त्याच्या कडेनं सोबत पळाले लागला, बूट-पँटवर. मंग धापा टाकत म्हणाला, "ताई, ती पार त्या टोकापासून चालत आली. मी धराले गेलो तर माहा हात झटकला." डोळे भरले होते त्याचे. "पुण्याले आली की ती टीव्हीपर्यंतही चालत नाही. तुम्ही... अजून वर्षभर राहाल ना तठी, अम्मीजवळ?"

माह्या छातीत दम नव्हता, तोंडाले थुंकी नव्हती. एवढी बडबडी बाई मी, पण तेव्हा एकच शब्द निघाला.

"हाव."

तो थांबला. मागून खालाचा आवाज आला, कुठून चालत आली होती कोणास ठाऊक, "अरे अजहर, तिले बोलण्यात नको लावू! पळू दे तिले!"